खमीसच्या घराकडचा रस्ता

३ ऑक्टोबर १९९७, शुक्रवार

शारजाला, रोल्ला भागात जाऊन आलो. काम काही नव्हतं. जुन्या बिल्डिंगखाली जरा उभा राहिलो. आमच्या बाल्कनीत दुसऱ्याच कुणाच्या चादरी. वैदेही आणि मुक्ता जूनमध्ये पुण्याला गेल्या, मुक्ताच्या अकरावीसाठी. मग फ्लॅट सोडला. आता मी रास अल खैमाच्या डोंगरात, रस्त्याच्या साइटवर, केबिनमध्ये.

फोन केला. वै. म्हणाली, "जेवलात का?" हो म्हणालो. नंतर मु. आली. "बाबा, इट्स सो बोरिंग हिअर. कॅन आय कम बॅक?" बारा वर्षं शारजात वाढलेली पोर, तिला पुणं परकं. काय सांगणार? कार्ड संपतंय म्हणालो. संपत नव्हतं.

८ ऑक्टोबर

रस्त्याच्या आखणीच्या खुंट्यांवरच्या लाल फिती गायब. पठाण मजूर म्हणाले, वरच्या म्हाताऱ्याच्या शेळ्यांनी खाल्ल्या. तक्रार करायला चढलो. तासभर चढ. दगडी घर, बाजूला चार-पाच पडकी घरं, माणूस एकच. दारात बसून रायफल पुसत होता. मी थांबलो.

"हिंदी?"

"हां."

"बंबई? बंबई मैं देखा. लाँच में गया, जवान था."

नाव खमीस. सत्तरीचा असेल. बाकीची घरं रिकामी, लोक खाली सरकारी घरांत गेले. मुलगा सलीम शहरात. कॉफी दिली, खजूर दिले. विचारलं, "तेरा औरत किधर?"

"घर गया," म्हणालो.

त्याने मान हलवली. वरच्या बांधाजवळ उभे केलेले दोन दगड दाखवले, कबरीचे. "मेरा भी गया."

चूक दुरुस्त करायला हवी होती. जमलं नाही. फितींचं राहूनच गेलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

रोल्लाहून शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आणली. खमीस रायफलीला डोक्याचं खोबरेल लावतो, बोल्ट चिकट झालाय. जुनी इंग्रजी थ्री नॉट थ्री. दस्ता फुटलेला, त्यावर शेळीचं कातडं ओलं असताना शिवलंय. वाळून लोखंडासारखं घट्ट झालंय. तेल दिलं. त्याने वास घेतला, दोन थेंब टाकले, बोल्ट मागेपुढे केला. पुष्कळ वेळ तेच करत बसला. मीही बसलो. परत केबिनमध्ये येऊन करणार काय?

मला 'मुहंदिस' म्हणतो, म्हणजे इंजिनियर. नाव विचारलेलं नाही.

३० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

केबिनच्या पायरीवर पणती लावली. वाऱ्याने दोनदा विझली. सोडून दिलं. अर्धी सुट्टी होती, वर गेलो.

खमीसने बोकड कापला होता. मांस वाळवायचं काम चालू. मला बसवलं, सुरी दिली नाही, नुसतं बघ म्हणाला. मांसाच्या धाग्यांच्या दिशेने लांब लांब पट्ट्या, बोटभर रुंद. आडवं कापलं की वाळल्यावर तुकडे पडतात. मीठ चोळायचं, पाणी सुटू द्यायचं, मग गुहेच्या तोंडाशी दोरीवर टांगायच्या. ऊन नको, वारा हवा. खाली बाभळीसारख्या कुठल्याशा लाकडाचा धूर, माश्यांसाठी. आई गच्चीवर सांडगे घालायची तेव्हा मला राखणीला बसवायची, तसा बसलो.

मागच्या वेळचं वाळलेलं त्याने दिलं. "खाओ." आमच्या घरात अंड्यापलीकडे कधी काही नाही. तरी घेतलं. आधी नुसतं मीठ आणि चामडं. बराच वेळ चावल्यावर गोडसर लागलं. अजून एक मागितलं. तो हसला.

संध्याकाळी वै.ला फोन. चकल्या बिघडल्या म्हणाली, एकटीने करायचा कंटाळा आला. मी खाल्लं ते सांगितलं नाही.

१२ नोव्हेंबर

सलीम साइटवर आला. पस्तिशीचा, ऑफिसातून थेट, पांढऱ्या कंदुऱ्यात, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यात. रस्ता कधी पुरा होणार? म्हणालो, वरच्या वळणापर्यंत जानेवारी.

"गुड. रोड हो जाए तो बाबा को नीचे लाऊँगा. अकेला आदमी, गिर गया तो कौन देखेगा?"

बरोबरच आहे त्याचं. मुलगा चांगला आहे. दर गुरुवारी तांदूळ, औषधं घेऊन चढतो, घामाघूम होतो.

संध्याकाळी खमीसला विचारलं, रस्ता आवडेल ना? म्हणाला, "रस्ता किसके वास्ते? सब तो चला गया."

मी प्लॅन बघत बसलो रात्री. त्याच्या घराच्या खुणेखालच्या वळणाशी रस्ता थांबतो. पुढे काहीच नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पहाटे घेऊन गेला. ताहर दाखवायला. म्हणजे इथला रानबकरा, केसाळ, आखूड शिंगांचा. सुरुंग लागायला लागल्यापासून जनावर वर सरकलंय, असं त्याने सांगितलं. रागाने नाही.

कड्यावर पालथे पडलो. समोरच्या भिंतीवर एक मादी आणि पिल्लू. पिल्लू उडी चुकायचं आणि पुन्हा तिथूनच मारायचं. खमीस रायफलवरून बघत होता, बोट घोड्याच्या बाहेर.

"मारना मना है," मी कुजबुजलो.

"मालूम. अच्छा किया सरकार. पहले बहुत था, हम लोग खा गया." मग, "एक बार और खाएगा. नर. उसके बाद खलास."

मी म्हणालो, पकडलं तर? तो पुन्हा समोरच्या भिंतीकडे बघायला लागला. मी विषय तिथेच सोडला. त्याच्याबरोबर सकाळी उठून जायला मिळतंय, ते जाऊ नये असं वाटलं.

रोल्लाला गेलो नाही. फोनही राहिला.

१४ डिसेंबर

शेळ्या ओरडतायत, खालपर्यंत आवाज. गेलो. घर उघडं. चूल गार. रायफल नाही. हाका मारल्या. साइटच्या जीपने शहरात जाऊन सलीमला गाठलं. तो चपला बदलून निघाला.

१५ डिसेंबर

सापडला.

काल अंधार पडेपर्यंत शोधलं, आज उजाडताच पुन्हा, साइटची मोजणीची दुर्बीण आणि ट्रायपॉड घेऊन. मादी दिसली होती त्याच्या पलीकडच्या घळीत, कपारीखाली. उजवा पाय गुडघ्याखाली वाकडा. ओठ फुटलेले. शेजारी मोठा नर, अर्धा सोललेला. आणि हाताला येतील तेवढ्या दगडांवर मांसाच्या पट्ट्या, रांगेने. मीठ नव्हतं, नुसत्या वाऱ्यावर. पाय मोडून पडलेला माणूस बसल्या जागी सरकत सरकत ते करत होता.

सलीम ओरडला त्याच्यावर. अरबीत, कळलं नाही, पण कळलं. मग खाली बसून बापाचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडला.

खमीस मला म्हणाला, "मुहंदिस, उलटा करो." पट्ट्या उलटायला सांगत होता. मी उलटल्या. दुसरं काय करणार?

पोलिसांना बोलवावंच लागणार होतं, स्ट्रेचरशिवाय काढणं अशक्य. बरोबरच्या पठाण मजुराला फोन करायला खाली पाठवलं. सलीमने रायफलकडे पाहिलं, माझ्या ट्रायपॉडच्या पिशवीकडे पाहिलं. "प्लीज," एवढंच म्हणाला.

परदेशी माणसाकडे रायफल सापडली तर तुरुंग, मग विमानात. वै., मु., घराचे हप्ते, सगळं डोळ्यांसमोर आलं. पिशवीत घातली. ट्रायपॉड खांद्यावर मोकळा घेतला. उतरताना वाटेत पोलीस भेटले. एका पोऱ्यासारख्या दिसणाऱ्या हवालदाराने मला पाण्याची बाटली दिली, म्हणाला, "यू गुड मॅन." उरलेली वाट बाटली न उघडता हातात धरूनच उतरलो.

१६ डिसेंबर

सलीम पहाटे येऊन पिशवी घेऊन गेला. कुठे नेली विचारलं नाही. शिकारीचं काय केलं? खालच्या दरीत ढकललं म्हणाला, सगळं. बापाला सांगू नका, असंही म्हणाला.

२ जानेवारी १९९८, शुक्रवार

रमजान सुरू झालाय. इफ्तारनंतर सलीमकडे गेलो. नवं घर, संगमरवरी फरशी, एसी. खमीसच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. खोलीत टीव्ही चालू, तो भिंतीकडे बघत. सून ताट आणते, तो दोन घास घेतो.

मी दिसल्यावर, "गोश्त सूख गया?"

सलीम दारात उभा. मी म्हणालो, "हां. अच्छा सूखा."

"वापस जाके खाएगा."

शेळ्या सलीमने विकल्यात. तेही त्याला माहीत नाही.

बाहेर आलो तर सलीम गाडीपर्यंत आला. "आप सोचते हैं मैं गलत हूँ?" नाही म्हणालो. खरंच नाही वाटत. वर ठेवला असता तर मेला असता.

११ जानेवारी

रस्ता वळणापर्यंत पोचला. रोलर फिरला. तिथून त्याचं घर पंधरा मिनिटांच्या चढावर. दार कुणीतरी लोटून घेतलंय. माझी दुबई ऑफिसला बदली, महिनाअखेरीस. वै.ला कळवलं. म्हणाली, "मग परतच या की. मुक्ता बोलत नाही माझ्याशी. तुमच्याशी तरी बोलेल." मी बघतो म्हणालो. ती म्हणाली, "हे 'बघतो' मी वर्षानुवर्षं ऐकतेय," पण चिडून नाही. दमलेली वाटली.

१६ जानेवारी, शुक्रवार

खमीस म्हणतो वर ने. सलीम म्हणतो ईदनंतर, इन्शाल्ला. खमीसने माझ्याकडे पाहिलं. या इन्शाल्लाचा अर्थ त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

२३ जानेवारी, शुक्रवार

पेट्रोल पंपावर बसून लिहितोय.

निरोप घ्यायला दुपारी सलीमकडे गेलो. तो जुम्याच्या नमाजाला मशिदीत गेलेला. खमीस फाटकातच, खुर्चीवर, कुबड्या मांडीवर, एका पायात चप्पल. किती वेळ बसला होता कोण जाणे. म्हणाला, "रस्ता हो गया?"

"हो गया."

"चलो."

"सलीम को पूछा?"

"सलीम बेटा है," म्हणाला. "मैं बाप."

सुनेला सांगायला आत गेलो. तिने डोक्यावरची ओढणी सावरली, पाण्याची बाटली आणि खजूर आणून माझ्या हातात ठेवले. सूर्यास्तासाठी. त्याला सूट आहे, तरी रोजा धरतो. दोघांनी मिळून त्याला जीपमध्ये बसवलं. प्लास्टरचा पाय बसेना, सीट मागे केली.

सांगितलं त्याला, वळणापासून पुढे चढ आहे. शेळ्या नाहीत. गोश्तही नाही, सलीमने टाकलं. सगळं सांगून टाकलं गाडी चालवता चालवता. तो समोर बघत होता. म्हणाला, "मालूम."

आत्ता सीटवर बसल्या बसल्या नमाज पढतोय. पंपाच्या पुढे फाटा. उजवीकडे डोंगर. फोनची पेटी समोरच आहे. सलीम एव्हाना घरी आला असेल, सुनेने सांगितलं असेल. एक फोन केला की तो येईल, आणि त्याचंच बरोबर असेल.

नमाज झाला. काच खाली करून माझ्याकडे बघतोय.