पासवर्ड रुमालाखाली

३ नोव्हेंबर, सोमवार

सरकी पेंडवाल्याने दिवाळीला दिलेली डायरी आज काढली. पुढच्या वर्षाची आहे, पण छापलेली तारीख खोडून आपली लिहिता येते.

निश्चय. घरात वायफाय घ्यायचा. बायकोचा, लक्ष्मम्माचा, टच फोन एप्रिलपासून, म्हणजे ती गेल्यापासून, कपाटात पडून आहे. चांगली वस्तू वाया जाऊ नये, एवढाच हेतू. शिवाय गुरांच्या बाजाराचे भाव आता मोबाइलवर येतात म्हणे. चाळीस वर्षं उदगीरच्या बाजारात देवणी बैलांची दलाली केली. गुडघ्यांनी घरी बसवलं म्हणून काय झालं, भाव माहीत असलेले बरे.

दुसरा निश्चय. दुपारचं जेवण एकच्या ठोक्याला. वायफायचं काम चार दिवसांचं. जेवण आजपासूनच.

संध्याकाळी ६. जेवण राहिलं. उद्यापासून.

४ नोव्हेंबर, मंगळवार

वायफाय कशाला, असं समोरच्या अमृतरावांनी विचारलं. भाव बघायला, म्हणालो. ते हसले. या माणसाला दुसऱ्याच्या घरची भारी पंचाईत.

त्यांची सून पुनम मात्र बरी आहे. तिनेच शनिवारी सांगितलं की नांदेडला मंजुश्रीला मुलगी झाली. पाच महिन्यांची झाली, नाव समीक्षा ठेवलं, आणि मंजू रोज तिचे फोटो स्टेटसला टाकते. मी विचारलं नव्हतं. पुनम म्हणाली, काका, दावू का माझ्या फोनमधी? मी म्हणालो, चष्मा घरी हाय. चष्मा खिशात होता. स्वतःच्या मुलीची मुलगी दुसऱ्याच्या फोनात बघायला मी काय मागतकरी आहे?

वायफायचा आणि याचा काही संबंध नाही. शनिवारनंतर सोमवार येतो, म्हणून सोमवारी निश्चय केला.

तीन वर्षं या घरात मंजुश्रीचं नाव घ्यायचं नाही, असा नियम मीच केला होता. लक्ष्मम्माने तो माझ्यासमोर तरी पाळला. डायरी काही बोलत नाही, म्हणून इथे लिहिलं.

जेवण: चहा आणि शेव.

५ नोव्हेंबर, बुधवार

वायफायवाला ग्यानोबा आला. चाळिशीचा, शांत माणूस. गाव विचारलं तर हाळी म्हणाला. हाळी म्हणजे गुरांचा केवढा बाजार. मनात म्हटलं, माणूस आपला आहे.

डबा बसवला, दिवे लागले. मग विचारतो, काका, पासवर्ड काय ठिवायचा? आठ आकडी पायजे. आणि अमृतराव तिकडे ओट्यावर कान टवकारून बसलेले. भाव आणि पासवर्ड या काय तोंडाने बोलायच्या गोष्टी आहेत? आयुष्यात मी एक सौदा तोंडाने केला नाही. खांद्यावरचा रुमाल काढला, ग्यानोबाचा हात धरला, वर रुमाल टाकला आणि बोटांनी आठ आकडे दिले. एक बोट एक, पंजा पाच, शून्याला मूठ. आठाला पंजा आणि वर तीन. अगदी सावकाश दिले. १४०८१९९४. सहज सुचलेला आकडा.

ग्यानोबा खाली बघत उभा राहिला. समजलं का, विचारलं. समजलं काका, म्हणाला, आणि दुसरा हातही माझ्या हातावर ठेवला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. हाळीच्या माणसाला जुन्या रीतीची कदर असते. हल्ली असा समजूतदार गडी मिळत नाही.

फोन चार्जिंगला लावला. उद्या सगळं सुरू.

६ नोव्हेंबर, गुरुवार

फोन लागला. वायफायचं नाव दिसलं. आकडा टाकला. चुकीचा पासवर्ड म्हणतो.

माझा आकडा चुकत नाही. पुन्हा टाकला. चुकीचा.

जेवण राहिलं. बोटं गुंतलेली होती.

८ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवसांत साठेक वेळा तरी टाकला असेल. फोन जुना आहे, त्याला ऐकू कमी येत असेल, म्हणून डब्याला चिकटवून बसलो. मग डबा देवघरातून काढून खिडकीत ठेवला. देवघरात मीच नेला होता, भस्माचं बोट लावून. काही फरक नाही.

कंपनीच्या नंबरवर बोललो. पोरगी म्हणाली, सर, पासवर्ड चेक करा. मी तिला सांगितलं की भर बाजारात तीन-तीन जोड्यांचे सौदे एकाच वेळी डोक्यात ठेवणारा माणूस आहे मी. ती म्हणाली, ओके सर, आणखी काही मदत हवी आहे का?

दोष कंपनीचा आहे, हे आता सिद्ध झालं.

१० नोव्हेंबर, सोमवार. दुपारी ३.

ग्यानोबाला बोलावलं. म्हणालो, तुझा डबा खराब आहे. त्याने फोन घेतला, काहीतरी दाबलं, लागलं. विचारलं, काय टाकलास? एक दोन तीन चार पाच सहा सात आठ, म्हणाला. त्या दिवशी चिठ्ठी डब्याच्या बुडाला चिकटवली हुती की काका.

मी म्हणालो, आणि मी रुमालाखाली दिलेला आकडा?

तो गोंधळला. कुठला आकडा, म्हणाला. मग लाजत लाजत बोलला. काका, मी हाळीचा, पर आमचं घर शिंप्याचं. बाजाराचं मला काय बी कळत न्हाई. तुमी हात धरला, वर रुमाल टाकला. मला वाटलं काकू गेल्यात, तुमचं मन भरून आलं असंल, रडताना कुणी बघू नये म्हणून रुमाल टाकला असंल. म्हून मी बी धरून ऱ्हायलो.

मी हसलो. तोही हसला. मी रडत नव्हतो, हे त्याला दोनदा सांगितलं. आता बदलू का आकडा, म्हणाला. नको म्हटलं. एक ते आठच बरा.

१४ ऑगस्ट १९९४ ला मंजू झाली, हा योगायोग आहे. आकडे थोडेच असतात, कुणाच्या ना कुणाच्या तारखेला लागतातच.

जाताना ग्यानोबा म्हणाला, वायफाय लागलंय, पर नेट चालंना. फोनमधी तारीख चुकीची हाय. बॅटरी पार उतरली की असं होतंय. दोन हजार सतरा, पाच जानेवारी दावून राहिलाय. आजची तारीख घाला, चालतंय. मी घालतो म्हणालो. तारीख बदलायला मला कुणी लागत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तारीख घातली नाही. चष्म्याची काडी सैल झाली आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चष्मा ठीक आहे.

फोनमध्ये आजही २०१७ आहे. रोज एकेक तारीख पुढे पडते, आज सात जानेवारी आहे. एवढ्या थंडीत लक्ष्मम्मा पहाटे उठून चूल पेटवायची. मंजू लातूरला कॉलेजात होती, दर शनिवारच्या गाडीने घरी यायची, आणि मी स्टँडवर सहज गेलेलो असायचो. दोन वर्षांनी ती बँकेत लागली आणि पहिल्या पगारातून आईला हाच फोन घेऊन दिला. नवरा, आनंदराज, तिला अजून भेटायचा होता. तोही त्याच बँकेत. मुलगा चांगला आहे असं लोक म्हणतात. मी कधी त्याच्याशी बोललो नाही, त्यामुळे वाईट आहे असं मलाही म्हणता येत नाही.

आम्ही बसवण्णांना मानणारी माणसं. जात मानत नाही. लग्नाची गोष्ट फक्त वेगळी. हे मी मंजूला तेव्हा सांगितलं होतं. ती म्हणाली, अप्पा, बसवण्णांनी जातीबाहेरचं लग्नच लावून दिलं होतं. मी म्हणालो, त्यांना मुलगी द्यायची नव्हती. मला वाटलं मी जिंकलो.

रोज दुपारी दोनला लक्ष्मम्मा न्हाणीपाशी बसून याच फोनवर तिच्याशी बोलायची. मला हे माहीत नव्हतं. म्हणजे दोनला मी मुद्दाम बाहेर जायचो, त्यामुळे माहीत व्हायचा प्रश्नच नव्हता. बोलणं झालं की मला बटणाच्या फोनवर रिंग द्यायची. जेवलात का? एवढंच विचारायची. कधीकधी वाटायचं हा प्रश्न तिला नांदेडहून आला आहे.

एप्रिलमध्ये लक्ष्मम्माला माती दिली त्या दिवशी मंजू आली होती. सातवा महिना होता. दाराशी उभी राहिली. मला फार कामं होती. माणसं, विधीला जंगमस्वामी, खड्डा, त्यात घालायचं मीठ, सगळं मीच बघत होतो. तिला जा असं कुणीही म्हटलं नाही. ये असंही कुणी म्हटलं नाही. ती पाणी न पिता गेली. आनंदराज गाडीपाशी उन्हात उभा होता.

तारीख उद्या घालीन.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ११.

घातली. एका क्षणात नऊ वर्षं गेली. फोन टुंग टुंग करायला लागला. वायफाय जोरात. शेवटी मीच जिंकलो.

हिरवं ॲप उघडलं. लक्ष्मम्मा त्यावरच मंजूचं सगळं बघायची. आता फोटो येणार म्हणून जरा तोंडबिंड धुऊन आलो. लहान मूल आहे समोर, बरं दिसतं.

दुपारी १२. ॲप म्हणतं, हा फोन फार जुना आहे, यावर आता चालणार नाही. पुनमला दाखवला. ती म्हणाली, काका, खरंच न्हाई चालत आता ह्या फोनमधी. अन् सिमला रिचार्ज न्हाई म्हून काकूंचा नंबर बी बंद झालाय. मग म्हणाली, माझ्याकडं हायत ना फोटो. बघा की हो. मंजू मला रोज इचारती, अप्पा जेवले का. मी काय सांगू?

मी म्हणालो, सांग की भाव बघून राहिलेत.

भाव बघितले. देवणीची जोडी बरी चालली आहे. मला त्याचं काय करायचं आहे कळेना.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन पुसून कपाटात ठेवला. वायफायचा डबा खिडकीत लुकलुकतो आहे. त्याला जोडायला घरात दुसरं काही नाही.

मला मंजूची आठवण येते. हे लिहायचं नव्हतं. पेनाने लिहिल्यामुळे खोडलं तरी वाचता येईल, म्हणून खोडत नाही.

जेवण राहिलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एक गोष्ट लक्षात आली. बटणाच्या फोनला वायफाय लागत नाही. तो चालूच आहे, पहिल्यापासून.

मंजूचा नंबर मला पाठ आहे. पाठ केला नव्हता. लक्ष्मम्मा एकदा पुनमला सांगत होती, तो कानावर पडला, आणि आकडा एकदा कानावर पडला की माझ्या डोक्यातून जात नाही. तेव्हा उद्या फोन करायचा. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं आहे. आधी प्रकृती. मग पाऊसपाणी. मग, मुलीला घेऊन चार दिवस ये. मग, त्यालाही आण. कागदावर लिहून घेतलं. मोठ्याने वाचून बघितलं. चौथं वाक्य दोनदा अडलं, पण जमेल. रुमाल नसला की मला जरा जड जातं.

उद्या दुपारी दोन वाजता. वेळ मी सहज निवडली.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी २.२०

केला.

तीन रिंग झाल्या. हॅलो, म्हणाली. मागे लहान मूल काहीतरी बडबडत होतं. पाच महिन्यांच्या मानाने आवाज चांगला खणखणीत आहे. मी ते ऐकत राहिलो. ती पुन्हा हॅलो म्हणाली. कागद हातातच होता. कोण बोलतंय, म्हणाली. मी म्हणालो, राँग नंबर.

तिने फोन ठेवला नाही. मागचं मूल गप्प झालं, कुणीतरी कडेवर घेतलं असावं. मग ती म्हणाली, बरं. जेवून घ्या.

मी हो म्हणालो. मग ठेवला.

संध्याकाळी ५. नांदेडबद्दल मी आजवर जे बोललो ते मागे घेतो. तिकडची माणसं चांगली दिसतात. राँग नंबर लागलेल्या परक्या माणसाला जेवायला कोण सांगतं?

बोलणं झालं नाही याचं कारण आवाज नीट येत नव्हता. उद्या ग्यानोबाला बोलावून डबा जरा पुढे बसवून घ्यावा.

पिठलं केलं. खाली लागलं, मीठही जास्त झालं. भाकरी पुनमने दिली. सगळं संपवलं.

जेवलो.