बाबांना चावलेलं कुत्रं

अकोला, १२ मार्च १९६१

बाबाले शेवंताचा जयभीम.

मी इथं बरी आहो. नर्सिंगचं शिक्षण चांगलं सुरू आहे, जेवणबी पोटभर भेटते. पण आज बुधाजीकाका दवाखान्यात भेटले आन् सहज बोलले, "परवा तुह्या बाबाले कुत्रं चावलं व. जखमेत मिरची भरली, बरे हायेत. कुत्रं काल मेलं." मी हातातला ट्रे ठेवला आन् तशीच हे पत्र लिहायले बसली.

बाबा, याच आठवड्यात आमच्या वार्डात कुत्रं चावलेला एक माणूस गेला. पाणी मागे, आन् पेला जवळ नेला की भिंतीले चिकटून थरथरे. त्याची जखम तर कवाचीच भरली होती. डॉक्टर म्हणाले, "चावल्याबरोबर आला असता तर वाचला असता."

कुत्रं मेलं म्हणजे ते पिसाळलेलंच असन; मिरचीनं काही होत नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्यात खूप वेळ धुवा आन् उद्याच्याच गाडीनं या. पोटात सुया घ्या लागतात, दुखते, पण मी जवळ बसीन. त्या कुत्र्यानं आणखी कोणाले चावलं? त्यायलेबी सोबत आणा.

मायले हे वाचून दाखवू नोका. तिचा खोकला कसा आहे?

पत्र बुधाजीकाकाच्या हाती देऊन राहिली. उद्या तुमी गाडीतून उतरले नाही, तर मीच येऊन तुमाले घेऊन जाईन.

तुमची लेक,
शेवंता