चिकाचा डबा

प्रिय प्रीती,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. लहानपणी भांडण झालं की तू बोलणं टाकायचीस, पण दाराखालून सरकवलेली चिठ्ठी मात्र गुपचूप वाचायचीस. तेवढ्याच भरवशावर लिहितेय.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, त्याचा राग नाही. सातवा लागल्यापासून पाणीपुरी नको, कापलेलं कलिंगड नको, असं मी इतकं ऐकवलं की कुणीही वैतागेल. डोहाळजेवणात तर मी तुझ्या ताटातली कोशिंबीर बाजूला काढली आणि तुझ्या सासूबाईंचं तोंड उतरलं. तू म्हणालीस, ताई, तुझे जंतू तुझ्या लॅबमध्ये ठेव ना. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, पण लागलं मला.

आता त्या लॅबचंच सांगायचंय. मानपाड्याला आमच्याकडे एक नवं यंत्र चाचणीसाठी आलंय. रामन स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात त्या पद्धतीला. नमुन्यावर लेझरचा प्रकाश टाकायचा. परत येणाऱ्या प्रकाशातल्या अगदी थोड्याचा रंग किंचित बदललेला असतो. त्यातून पडद्यावर चढउतारांची रेघ उमटते, आणि प्रत्येक जातीच्या जंतूची रेघ वेगळी. जंतू वाढवून ओळखायला दिवस जातात, इथे काही तासांत नाव कळतं. यंत्राला सराव हवा म्हणून आमचे साहेब, दौलत सर, सगळ्यांना घरचं दूध आणायला सांगत होते. मी नेमकी मोहन्याला आईकडे गेलेले. शेजारच्या शीलाकाकूंची म्हैस व्यायली होती आणि त्यांनी खास तुझ्यासाठी डबाभर चीक दिला होता. त्यातलाच थोडा कच्चा चीक मी बाटलीत भरून नेला. बाकीच्याचा आईने खरवस केला, वेलची-जायफळ घालून. काय सुरेख झाला होता! मी ताटलीभर खाल्ला.

काल दुपारी माझ्या बाटलीची रेघ पडद्यावर आली. लिस्टेरिया. त्याच बाटलीतला दुसरा थेंब घेऊन पुन्हा पाहिलं, तीच रेघ. हा जंतू धडधाकट माणसाला सहसा फारसं काही करत नाही, पण पोटुशी बाईच्या रक्तातून तो बाळापर्यंत पोचतो. फ्रिजमध्ये मरत नाही, उलट सावकाश वाढत राहतो. सर म्हणाले, यंत्र अजून नवीन आहे, जंतू वाढवून खात्री होईपर्यंत बाहेर बोलू नकोस, उगाच कुणाच्या गोठ्याची बदनामी नको. त्यांचं चूक नाही. पण तोवर थांबायची माझी हिंमत नाही.

आईला फोन केला, तर ती म्हणाली, अगं वाफवलाय ना, मग कसले जंतू? खरं आहे, वाफेने ते मरतात. मला हायसं वाटलं. तरी विचारलं, प्रीतीला कशातून पाठवलास? शीलाच्याच डब्यातून, आई म्हणाली. चिकाचं भांडं धुवायचं नसतं, नाहीतर म्हैस आटते, म्हणून तिने डबा तसाच ठेवला होता. कडेला कच्चा चीक चिकटलेल्या त्याच डब्यात तिने खरवसाच्या वड्या भरल्या आणि शीलाकाकूंच्या साकेतच्या हाती तुझ्याकडे धाडल्या. आम्ही खाल्ला तो ताटातला. डब्यातला फक्त तुझा. वर आई म्हणते, पोरीला घाबरवू नकोस. आणि तुझा नवरा दौऱ्यावर, त्याचा फोन बंद.

म्हणून मी आत्ता कल्याणला, तुझ्या दाराबाहेर जिन्यात बसलेय. बेल दाबली तेव्हा तू आतूनच म्हणालीस, ताई जा ना, कालपासून कणकण आहे, अंग दुखतंय, झोपू दे. प्रीती, ऐक. त्या जंतूचा आजार असाच सुरू होतो. ओरडून सांगितलं असतं तर तू उशी कानावर घेतली असतीस, म्हणून हा कागद काढला. तुझी कणकण साधीच असू दे, मग पुन्हा चारचौघींत हस मला. पण आजच्या आज डॉक्टरांना त्या जंतूचं नाव सांगायला हवं. वेळेवर औषध मिळालं तर बाळाला वाचवता येतं. खाली रिक्षा थांबवून ठेवलीय. बाळ हलतंय ना गं? दार उघड. आणि येताना तो डबा घेऊन ये. रिकामा झाला असला तरी धुऊ नकोस.

उंबऱ्याशी बसलेली, तुझीच
संचिताताई