डावीकडे जाणारा बाण

अमरावती, ५ ऑक्टोबर १९५८

तीर्थरूप शालिकरामभाऊंस केशवचा साष्टांग नमस्कार (उजवा खांदा धरला आहे, तेव्हा सातच अंगांचा समजावा). आपली, वहिनींची आणि अंजनगावच्या पानमळ्याची प्रकृती उत्तम असावी. इकडे महिनाभर माझा उजवा कान लाल आहे आणि सरकारदरबारी त्याची दाद घेणारं खातंच नाही.

पोट आत जावं म्हणून मी आखाड्यात तिरंदाजी शिकतो, हे तुमच्या बहिणीने (हसत) कळवलं असेलच. मी दोरी कानापर्यंत ओढायचो. सुटताना ती कानाची पाळी सोलायची. वस्ताद पंजाबराव म्हणाले, आता हात ओठाच्या कोपऱ्याशी, गालावर टेकवायचा, आणि रोज त्याच जागी. दसऱ्याला आखाड्याचा पहिला बाण मारायचा मान मला मिळायचा की पोस्टातल्या वामनरावांना, ते यावरच ठरणार. ओढ आखूड झाली म्हणून मी बाण कापले. तरी सकाळी बाण सरळ जाई आणि जेवून गेलो की डावीकडे. धनुष्याच्या मुठीवर बाण टेकतो तिथली चामड्याची पट्टी दुपारी उपटावी, तर दुसऱ्या सकाळी बाण उजवीकडे; की पुन्हा चिकटवा. एक बाण शेजारच्या भागीरथाबाईंच्या मळ्यात, कुंपणावरच्या कोहळ्यात घुसला. "कोहळं पिकू तं द्या लागत होतं, भाऊ," एवढंच त्या म्हणाल्या.

वामनरावांच्या मते दोष हवेचा. मी तेच घरी सांगितलं. तुमची बहीण भाकरी थापता थापता म्हणाली, "हवेले तुमच्या जेवनाचा टाइम कसा समजते? पयले गालातला तोबरा काढा."

भाऊ, तोबरा तुमच्याच मळ्यातला! फुगलेल्या गालावर हात टेकला की दोरी बाहेर, उजवीकडे सरकते आणि बाणाचं टोक डावीकडे वळतं. मग मी शास्त्रोक्त तपास केला. पान थुंकलं, बाण सरळ. एक पान, थोडा डावीकडे. जोडपान, थेट भागीरथाबाईंची हद्द. पान डाव्या गालातही ठेवून पाहिलं, पण तिकडची दाढ किडकी. बाण सरळ गेला, मी वाकडा झालो.

मुलांना आशीर्वाद.

आपला
केशव

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की दसऱ्यापर्यंत माझी पानं वामनरावांच्या पत्त्यावर पाठवावीत. त्यांना आवड आहे.

ता. क. २. वरचं तुमच्या बहिणीने वाचलं. खोडलं समजावं. दसऱ्यापर्यंत कुणालाच पाठवू नका. काल आलेली तुमची पानांची टोपली उघडली नाही. पहाटे भागीरथाबाईंच्या कुंपणाशी ठेवून आलो. कोहळ्याचं तेवढं देणं राहिलं होतं.