बाबांचा न विचारलेला प्रश्न

रविवार संध्याकाळ, वोल्फ्सबुर्ग, जर्मनी

ज्वालामुखीच्या बेटावरची सहल करून परत येऊन दोन दिवस झाले, पण ती गुहा डोक्यातून जात नाही. गुहा कसली, माझं वागणं.

गाईड जर्मनमध्ये सांगत होती, मी सासऱ्यांना मराठीत. बाबांची सगळी नोकरी घाटातले बोगदे खणण्यात गेली, त्यामुळे लाव्हाच्या त्या काळ्या भिंतीवरून त्यांचा हात निघेना. मग तोच हात त्यांनी वर्गात करतात तसा वर केला. "विचार ना तिला, असल्या दगडावर माती धरायला किती वर्षं लागतात?"

बाकीची मंडळी खोळंबली होती. मी गाईडला जर्मनमध्ये म्हटलं, "आल्झो, म्हणजे, त्यांना गुहा फार आवडली." ती हसली. बाबा उत्तराची वाट बघत माझ्याकडे पाहत होते. "तिला माहीत नाही म्हणे," मी सांगून टाकलं.

विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? एक मिनिट गेलं असतं. तो वर केलेला हात...

आज ते फोनवर मित्राला सहलीचं सांगत होते. "सूनबाई होती म्हणून सगळं कळलं रे. आणि गाईड काय प्रामाणिक! माहीत नाही तर सरळ नाही म्हणाली. हल्ली कोण बोलतं इतकं खरं?"