मागं उभं राहायला माणूस

८ जुलै २०२५, मंगळवार

आजही झाडूच. तिसरा आठवडा. खडूनं फरशीवर जोड काढायचे, रॉड मोजून ठेवायचे, खपल्या झाडायच्या – आणि मशीनपासून चार पावलं लांब. नांदेडच्या ह्या केंद्राचा नियम : अठरा पूर्ण नसतील तर रॉड धरायचा होल्डर हातात नाही. आम्ही सातजण कमी वयाचे. मी सतरा, बाकीचे सगळे सोळा. वेल्डिंग शिकायला आलो आणि वेल्डिंगकडं पाठ करून बसलोत.

इथं जिच्याकडं राहते ती आत्या म्हणते, टिकणार न्हाईस तिथं. तिचं काय चुकलं? अकरावी सोडली, लातुरात मोबाईलच्या दुकानात दीड महिना, जळकोटला शिवणकाम वीस दिवस. पायाला भिंगरी. पण इथं टिकायचंय. लोखंडाला लोखंड चिकटतं ते बघितल्यापासून दुसरं काही बघावंसं वाटत नाही.

(खोटं. येताना पुलावर अर्धा तास गोदावरीतल्या म्हशी बघत होते. उशीर झाला.)

१५ जुलै

केंद्राची कमिटी बसली! आम्हाला शिकवणारे भुजंग सर आत दोन तास भांडले. बाहेर ऐकू येत होतं – "अठरापर्यंत झाडू मारायला लावता अन् मग म्हणता पोरं पळून जातात!"

ठरलं असं : एकजण एक महिना काम करून बघणार. घरच्यांची सही, आणि मागं सर उभे. एकही इजा झाली नाही तर सोळाच्या वरच्या सगळ्यांना मोकळीक. झाली तर विषय बंद.

तो एकजण कोण? वयानं सगळ्यात मोठी म्हणून मी.

रुद्रेशचं तोंड बघण्यासारखं झालं. सोळाचा, पण बोलतो साठीच्या माणसासारखा. "सर, हिला नका घेऊ. हिचं ध्यान आभाळातल्या घारीकडं ऱ्हातंय. ही भाजली की आम्ही सहाजण दोन वर्षं झाडूच मारू."

मला राग आला. मग भीती वाटली, कारण खरं आहे.

१८ जुलै

आईच्या सहीसाठी गावाला. स्टँडवर कात्र्यांना धार लावणारा बसला होता, ठिणग्या बघत बसले, जळकोटची गाडी गेली. दुसरीनं गेले. आईनं विचारलंसुद्धा नाही कशाची सही. "कुठं करू?" एवढंच.

२१ जुलै

आज.

सर मागं उभे. एका हातात डोळ्यांपुढं धरायची काळी काच, दुसऱ्या हातात होल्डर. रॉड टेकवला की चिकटायचा. ओढला की विझायचा. अकरा वेळा. सर म्हणाले, "काडीपेटीची काडी ओढतीस ना, तसं. मारू नको तिला." बाराव्या वेळी पेटलं. काचेतून सगळं काळं आणि मधी एक हिरवा ठिपका, त्याच्या मागं लोखंडाचं पाणी सरकत होतं. मी श्वास घेतला नाही. बाहेरून रेल्वे गेली म्हणे. मला कळली नाही!

मला रेल्वे कळली नाही. आत्याला सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावून बघितला.

३० जुलै

दहा दिवस. शेडमध्ये पोपट घुसला. मान वळणार होती – रुद्रेश लांबून ओरडला, "पोपटाला मी बघतो, तू खाली बघ!" बघितलं खालीच. जोड सरळ आला.

आणि डोळे कुणाचे गेले? मन्मथ काकांचे. आमच्यासोबतच शिकतात, वय चौतीस, दोन लेकरांचे बाप. पोपट बघत बघत बिनकाचेचा टाका मारला. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं. सरांनी त्यांना डॉक्टरकडं नेऊन आणलं, तरी काकांनी घरच्या बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवल्याच. आम्ही सातजण गंभीर तोंडानं रांगेत बघायला उभे. रुद्रेश म्हणाला, "काका, तुमचं वय कमीए का?" काका चकत्यांखालून म्हणाले, "हस लेका, हस. बरा झालो की बघतो."

५ ऑगस्ट

एक खिडकीची जाळी पूर्ण. माझी.

२२ ऑगस्ट

झालं! महिना निभावला. एक फोड नाही. कमिटीनं कागद काढला : सोळा पूर्ण असेल तर मशीनवर. अट एकच – प्रत्येकामागं निदान महिनाभर मशीनवर काम केलेलं, अठरा पूर्ण झालेलं माणूस उभं पाहिजे. रुद्रेशनं झाडू भिंतीला टेकवला आणि त्याला नमस्कार केला. मी पेरू वाटले.

२९ ऑगस्ट

मागं उभं राहायला माणसंच नाहीत. मोठी माणसं सकाळी शिकतात, दुपारी कामावर पळतात. उरतात सर आणि मन्मथ काका. सातजण, दोन माणसं. म्हणजे पाळी चौथ्या दिवशी. रुद्रेश परत खडू घेऊन बसलाय. नियम सुटला, पाळी सुटेना. सर म्हणतात, असंच चाललं तर कमिटी म्हणेल झेपत न्हाई, बंद करा.

७ सप्टेंबर, रविवार. गाव.

विहाराला नवा कठडा करायचा म्हणून मला माप घ्यायला बोलावलं. मला! टेप लावायला जाते तर मूर्तीच्या चौथऱ्यावरच्या दगडावर चुन्याचे थर. सवयीनं हातोडीनं खरवडले. खाली अक्षरं निघाली – मूर्ती स्थापना, बुद्धपौर्णिमा, २ मे २००७.

आई चहा घेऊन आली. दगड बघून म्हणाली, "हाव, त्याच दिवशी तर तू झालीस. सगळ्या बाया मूर्तीच्या मिरवणुकीत, अन् माझ्याजवळ एकटी सुईण."

मी म्हणाले, आई, माझी तारीख एक जून आहे. दोन हजार आठ.

"ती गुरुजीची. पयलीला सगळ्या लेकरायला त्यायनी एक जूनच टाकली. वरीसबी त्यायनीच टाकलं."

आणि तू गप्प?

"मला काय ठाऊक कुठं काय लिहिलं. सही मागितली, केली."

पत्र्याच्या पेटीतून अंगणवाडीचं लसीचं कार्ड काढलं. पिवळं पडलेलं. २/५/०७.

म्हणजे चाचणीच्या महिन्यात मी अठराची होते. सतराच्या पोरीला जमतं म्हणून सगळ्यांना मोकळीक मिळाली, आणि ती सतराची पोरगी कुणी नव्हतीच.

८ सप्टेंबर

नांदेडच्या गाडीत. खिडकीबाहेर एकदाही बघितलं नाही. सांगितलं तर नियम परत जाईल? नाही सांगितलं तर? कार्ड दहा वेळा उघडलं.

९ सप्टेंबर

सांगितलं. सरांनी कार्ड उजेडात धरलं, शाळेत द्यायला तारीख दुरुस्तीचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला आणि कार्ड घेऊन कमिटीकडं गेले. येऊन म्हणाले, "चाचणीचं सोड. पंधरा दिवसांत ह्या सहा सोळाच्यांनी कुठं काय भाजून घेतलं? तेच लिहून दिलं, कमिटीनं मानलं. अन् मागं उभं राहायला आम्हाला अठराचं माणूस कमीच पडत होतं." मशीन सुरू झालं. रुद्रेशनं काच उचलली, मान न वळवता म्हणाला, "ताई, घारीकडं बघू नका."

मी त्याच्या मागं उभी राहिले.