चाळणी, कंद आणि मधली भिंत

मी, केशर पिकवणाऱ्या घरातली थोरली सून, आता स्वतःच सासू आणि आजी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. इंद्रियेही शाबूत आहेत, नाक सोडून. डॉक्टरांनी दाखला देताना नाकाची चौकशी केली नाही, म्हणून मीच ते इथे नमूद करते, कारण पुढचे बरेचसे नाकावरच अवलंबून आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मनातल्या मनात पुष्कळ केली, रागाच्या भरात. ती सर्व रद्द समजावीत.

१. राहते घर, म्हणजे वाटणीत आमच्याकडे आलेला अर्धा भाग, मुलगा व सूनबाई यांच्या दोघांच्या नावे करते. मुलाच्या एकट्याच्या नावे केले असते, पण छत कुठे गळते हे त्याला अजून माहीत नाही. तिला माहीत आहे.

२. बँकेत जे असेल ते आणि माझे दागिने सूनबाईंना. माझ्या आजारपणात तिने एकदाही तोंड वाकडे केले नाही. तोंड वाकडे करावे असे प्रसंग मी तिच्यावर बरेच आणले.

३. मुलाला त्याच्या वडिलांचे घड्याळ व कोट. तो अत्तरांच्या कारखान्यात नोकरी करतो आणि तिथे फुलाशिवाय केशराचा वास बनवतात. शेती त्याला नको आहे, आणि मी त्याच्यावर नाराज नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. नंतर त्याच्या मनाला टोचणी नको. एकदा तो ती बाटली घेऊन आला. मी डोळे मिटून, मान डोलावून "वा!" म्हटले. मला काहीच वास आला नव्हता. मग तो बाटली घेऊन घराच्या पलीकडच्या अर्ध्या भागात काकूकडे गेला. काकूने हुंगून सांगितले, "वास केशराचाच आहे रे, पण शेगडीवरून उतरवायला अजून जरा वेळ आहे."

४. आमचा माल वर्षानुवर्षे नेणाऱ्या व्यापाऱ्याला माझ्यातर्फे वाळलेल्या करडईच्या पाकळ्यांची एक पिशवी द्यावी. त्याला त्या ओळखीच्या वाटतील. आमच्या केशरात त्याच मिसळून तो विकत असे. मामंजी सांगत, जुन्या काळी एका मोठ्या बाजारपेठेच्या गावात केशरात भेसळ करणाऱ्याला त्याच्या मालासकट जाळत. मी इतकी कडक नाही. पिशवी त्याच्या दुकानात, गिऱ्हाइकांची गर्दी असताना द्यावी.

५. आता मुख्य गोष्ट. ती माझ्या धाकट्या जाऊबाईंविषयी आहे. यापुढे तिला 'धाकटी' म्हटले आहे, कारण तोंडावर मी तिला काहीच म्हणत नाही. आमचे बोलणे बंद आहे.

तसे ते नेहमीच बंद नव्हते. आम्ही दोघी नव्या असताना वेचायच्या खोलीत समोरासमोर बसायचो. पहाटे, ऊन लागून फुले उमलायच्या आत ती खुडून आणायची आणि मग टेबलावर ओतून एकेका फुलातले तीन तांबडे तंतू ओढून काढायचे. त्या खोलीत पंखा बंद, खिडक्या बंद, आणि हसायला सक्त मनाई, कारण तंतू इतके हलके की श्वासानेही उडतात. मनाई असली की हसू जास्तच येते. एकदा धाकटीला असे काही हसू फुटले की सकाळभराचा ढीग उडून टेबलाखाली गेला. आम्ही दोघी पोटावर झोपून तो वेचत होतो, तरी हसणे थांबेना. शेवटी सासूबाईंनी आम्हाला खोलीबाहेर काढले. आयुष्यात मी जितके हसले त्यातले निम्मे त्या टेबलाखाली हसले असेन.

मामंजींच्या मागे वाटणी झाली. शेतात बांध घातला, घरात भिंत उठली. भावाभावांचे दोन दिवसांत मिटले. आमचे अडले ते सासूबाईंच्या चाळणीवर. केशर निखाऱ्यांवर वाळवायची ही चाळणी. हिचा तळ रेशमी आहे. थोरली म्हणून ती माझ्याकडे आली. धाकटी चारचौघांत म्हणाली, "ठेवा चाळणी. पण कधी उतरवायचं ते चाळणी सांगत नसते." हे वर्मी लागायचे कारण असे की ते खरे होते. शेगडीशी बसणाऱ्याचे नाक त्या वासाने मरते. नेमका वास बदलतो तो क्षण त्याला कळत नाही, आणि तो क्षण गेला की केशराचा कोळसा होतो. आमच्या घरात नाक फक्त धाकटीचे होते. वास घ्यायचे काम तिचे, दाराबाहेर बसून.

पुढे एका ओल्या वर्षी तिच्या वाट्याच्या शेतातले सगळे कंद कुजले. मी टोपलीभर कंद माझ्या नवऱ्याच्या हाती पाठवले. टोपली तशीच परत आली, वर निरोप: "चाळणी नाही, तर कंद कशाला?" दोन्ही भाऊ गेले, तरी टोपलीचा विषय गेला नाही. जिद्द म्हणजे काय हे कोणाला पाहायचे असेल तर त्याने आमच्या घरी यावे, आणि कोणत्याही दाराने यावे.

वाटणीनंतरच्या पहिल्याच हंगामात मी एकटी चाळणीपाशी बसले होते. वास काही येत नव्हता, जीव मुठीत होता. तेवढ्यात भिंतीवर पलीकडून धाडधाड बत्ता आपटला. मला वाटले, भांडायला निघाली. म्हणून चाळणी खाली ठेवली आणि पदर खोचला. मग चाळणीत पाहिले, तर केशर इतके नेमके उतरले होते की सासूबाईंनीही मान डोलावली असती. तेव्हापासून आजतागायत प्रत्येक हंगामात बत्ता वाजला आणि मी चाळणी उतरवली. यावर आम्ही कधी बोललो नाही. बोलणार कशा, आमचे बोलणे बंद आहे.

एकाच वर्षी घात झाला. तिने भिंतीत खिळा ठोकला आणि मी चाळणी उतरवली. माल ओला राहून त्याला बुरशी आली. हंगामात खिळे कसले ठोकतेस, हे विचारायला मी अबोला मोडणारच होते, पण राहून गेले. नंतर मुलाकडून कळले की तिला माझा ओला माल पाहून दोन दिवस जेवण गेले नव्हते. त्यानंतर हंगामात तिने त्या भिंतीला बत्त्याखेरीज काही लावले नाही.

हे सारे लिहिण्याचे कारण: केशराला बी धरत नाही. वारा ते नेत नाही, पाखरू ते पेरत नाही. राजांनी त्यात वस्त्रे रंगवली, दरबारात त्याचे पाणी शिंपडले, वैद्यांनी ते औषधात घातले, पण जगात ते जिथे जिथे आहे तिथे कोणीतरी कोणाला तरी कंद हाती दिला म्हणूनच आहे. आमच्या शेतातल्या कंदांची दाटी झाली आहे. यंदा उकरून, वेगळे करून लावले नाहीत तर ते जमिनीतच कुजतील. माझ्या गुडघ्यांनी शेतात उतरायला साफ नकार दिला आहे. मुलाला ते येत नाही, सूनबाईंना अजून शिकायचे आहे. उरली धाकटी.

६. म्हणून सर्व कंद व सासूबाईंची चाळणी मी धाकटीला देते. माझे शेतही ती आहे तोवर तिने कसावे. पुढे ते मुलाचे. मेलेल्या माणसाची टोपली परत पाठवता येत नाही, हे तिने लक्षात घ्यावे. तरीही तिने नाकारलेच, तर या घरातले केशर संपले. ते संपू नये असे मला फार वाटते.

७. मधली भिंत पाडू नये. धाकटी चाळणीपाशी बसू लागली की तिचेही नाक जाईल. तेव्हा सूनबाईंनी भिंतीच्या अलीकडे बसून वास घ्यावा व वेळेवर ठोकावे. बत्ता आमच्याकडेही आहे.

पुरवणी. वरील मजकूर झाल्यावर वकिलांनी दोन साक्षीदार मागितले. एक समोरचे पाववाले. दुसरी म्हणून, माझ्या इच्छेने, धाकटीचे नाव लिहिले आणि मुलाला पलीकडे पाठवले. ती सहीपुरती आली. माझ्याकडे न बघता खुर्चीवर बसली, सबंध कागद वाचला, खिळ्याचा भाग दोनदा वाचला, आणि पेन उघडले. तेवढ्यात वकिलांना आठवले, की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार व्हायचे नसते.

"सही केलीत तर चाळणी, कंद, शेत, काहीच तुमच्याकडे येणार नाही," ते तिला म्हणाले. "विचार करा."

आता एका सहीत टोपली परत जाणार होती. मी भिंतीकडे बघत बसले. माझ्या छातीत किती धडधडत होते ते डॉक्टरांना सांगू नये.

पेनाचे टोपण लागल्याचा आवाज आला. तिने आपले नाव आडवी रेघ मारून खोडले आणि उठली. दाराशी जाऊन वळली.

"ताई, तुमच्या मरणाची वाट बघत बसले तर कंद कुजतील सगळे. आजच उकरते. टोपली कुठंय?"

टोपली टेबलाखाली होती. ती काढायला आम्ही दोघी वाकलो, आणि पुढे वकिलांना बराच वेळ थांबावे लागले. ते बिचारे विचारत होते की यात हसण्यासारखे काय आहे.

ठिकाण: वेचायची खोली, भिंतीच्या अलीकडे.
दिनांक: केशराची पाती पिवळी पडल्यानंतरचा पहिला कोरडा दिवस, आकडा वकिलांनी घालावा.

सही: थोरली

साक्षीदार १: समोरचे पाववाले (सही)
साक्षीदार २: ~~धाकटी~~ कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई (सही)

वरील खाडाखोड माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या संमतीने व माझ्या आनंदाने झाली आहे. — थोरली